यंदाच्या रोषणाईचा अर्धा खर्च व्हरांड्यातल्या आयांसाठी

सप्रेम नमस्कार,

पुढच्या आठवड्यात कार्यकर्ते पावतीपुस्तक घेऊन दारी येतील. वाद दारात नको, म्हणून आधीच सांगून ठेवतो. बैठकीत तो भरपूर झालाय. रोषणाई निम्म्यावर आणायची आणि वाचलेला पैसा रुग्णालयात तान्ह्या लेकरांसोबत थांबणाऱ्यांसाठी ठेवायचा, असं ठरलं. तान्ह्या पोळ्याला ‘रोगराई घेऊन जा गे मारबत’ म्हणून आपण घसा फाटेस्तोवर ओरडतो. सगळं मारबतीच्या पुतळ्यावर टाकून कसं चालेल?

गेल्या पावसाळ्यापासून मंडळाची चार-पाच पोरं एका सरकारी रुग्णालयाच्या बालविभागाबाहेर डबे पोचवतात. नागपुरातल्या मेडिकल, मेयो, डागा या सरकारी रुग्णालयांत भंडारा-गडचिरोलीच काय, पलीकडच्या बालाघाट-छिंदवाड्याहूनही माणसं येतात. लेकरू काचेच्या पेटीत, आई व्हरांड्यात, बाप मजुरी बुडवून जिन्याखाली. विचारलं की कागद पुढं करतात. त्यावर बरेचदा एकच शब्द असतो : सेप्सिस. रक्तात जंतू पसरलेत.

आजार फसवा. मोठ्या माणसाला ताप फणफणतो, नवजात बाळ मात्र गारही पडू शकतं. ते रडत नाही, दूध ओढत नाही, मलूल पडून राहतं, आणि घरचे म्हणतात, किती शहाणं बाळ! मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास, श्वासागणिक छाती आत ओढली जाणं, झटके, फुगलेलं पोट, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. (अशा फुगल्या पोटावर मेळघाटात डंबा देतात, म्हणजे तापल्या लोखंडाचे चटके. आपण शहरातले नजर काढण्यात आणि गुटी उगाळण्यात वेळ घालवतो, तेव्हा नाक मुरडायचं कारण नाही.)

दाखल झाल्यावर कल्चरसाठी साधारण एक मिलिलिटर रक्त घेतात आणि रिपोर्टसाठी न थांबता औषध सुरू करतात, बहुधा अँपिसिलिन आणि जेंटामायसिन. बाटलीत जंतू वाढायला वेळ लागतो, म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस. जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध लागू पडतं, हे तेव्हा कळतं. क्लेबसिएला, अ‍ॅसिनेटोबॅक्टर हे जंतू अनेकदा नेहमीच्या औषधांना दाद देत नाहीत, मग औषध बदलावं लागतं. जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत गेलेत का, हे पाहायला पाठीतलं पाणी तपासतात. इथं आजी अडून बसते : पाणी काढलं की लेकरू लुळं पडते! सुई मज्जारज्जू जिथं संपतो त्याच्याही खाली टोचतात, हे डॉक्टर सांगतातच. पण तेच कुणी गोंडीत किंवा छत्तीसगढीत सांगितलं की आजीची मान डोलते. त्या भाषा बोलणारं तुमच्या घरात, गल्लीत कुणी असेल तर आम्हाला पैशाआधी ते माणूस हवंय.

खरी कसोटी पाचव्या-सहाव्या दिवशी. लेकरू दूध प्यायला लागतं, हातपाय हलवतं. झालं, बरं झालं! पण कल्चरमध्ये जंतू सापडला तर साधारण १० ते १४ दिवस शिरेतून औषध लागतं, मेंदूज्वर असेल तर बहुतेकदा २१ दिवस. बापाचा खिसा त्याआधीच रिकामा झालेला असतो, घरी धानाची रोवणी खोळंबलेली. मग सही करून लेकराला घेऊन जातात. गोंदियाकडचं एक जोडपं असं सातव्या दिवशी गेलं आणि दहाव्या दिवशी धावत परत आलं. पुढचं इथं लिहीत नाही.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आजारी बाळाचे सरकारी रुग्णालयातले उपचार आणि औषधं एक वर्षाचं होईपर्यंत मोफत आहेत. आईचं मोफत जेवण मात्र योजनेत बाळंतपणापुरतं : ३ दिवस, सिझेरियन असेल तर ७. म्हणून औषधाला पैसे मागत नाही. मागतो ते टिकून राहण्यासाठी : दोन वेळचा डबा, बापाला गावी जाऊन यायला एसटीचं भाडं, चटई, घोंगडी, काढलेलं दूध ठेवायला झाकणाच्या स्टीलच्या वाट्या. दुधाची पावडर आणि बाटल्या कृपा करून आणू नका. आईच्या दुधासारखं त्या लेकरांना दुसरं काही नाही आणि न उकळलेली बाटली म्हणजे पुन्हा जंतूच.

एवढ्यानं काय होणार, असं बैठकीत एकानं विचारलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यांनी लक्षणं ओळखली, घरी जाऊन जेंटामायसिनची सुई दिली. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले : तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. आपल्याला सुई द्यायची नाही, डबा द्यायचा आहे.

वर्गणी देताना ‘डब्यासाठी’ म्हणालात तर पावती वेगळ्या पुस्तकातून फाटेल. वस्तू संध्याकाळी सातनंतर मांडवात घेऊ. घरचा डबा देणाऱ्यांनी वार सांगून ठेवावा. सोमवार आणि गुरुवार अजून मोकळे आहेत, तिखट बेतानं घाला. जमाखर्च अनंत चतुर्दशीनंतर फलकावर लागेल.