फोटो झकास, पण रेट कुठाय?

संपादक साहेब, नमस्कार.

सध्या चातुर्मास चालू आहे, काढीव मुहूर्ताची एखाददुसरी ऑर्डर सोडली तर लग्नाचे फोटोग्राफर बऱ्यापैकी मोकळे आहेत, एकदा तुळशीचं लग्न लागलं की मग फोन उचलायलाही सवड नसते, म्हणून आत्ताच लिहितोय. मी सांगलीत अल्बम डिझाइन करतो, या मंडळींचं काम रोज बघतो, एक नंबर असतं. पण त्यांच्या वेबसाइट उघडल्या की डोकं फिरतं.

पहिलं म्हणजे त्या लवकर उघडतच नाहीत. कॅमेऱ्यातून आलेला १०-१२ एमबीचा फोटो जसाच्या तसा चढवलेला, असे पन्नासेक, वर आपोआप सुरू होणारं गाणं. गावाकडं आधीच रेंजची बोंब, नवरीचा मामा किती वेळ ते गोल चक्र बघत बसणार? लांब बाजू २००० पिक्सेल करून जरा कॉम्प्रेस केलं की तोच फोटो ३००-४०० केबीत बसतो आणि मोबाईलवर काडीचा फरक कळत नाही. गूगलचं पेजस्पीड इनसाइट्स फुकट आहे, लिंक टाकली की कुठं अडतंय ते सांगतं.

मजकुराचं तर विचारूच नका. सगळीकडं तेच गुळगुळीत इंग्रजी, पण तुम्ही तासगावला येता का, विट्याला येता का, हे कुठंच नाही. फोटोच्या फाइलचं नाव डीएससी ०४५६, आता ती मिरजेतली हळद आहे हे गूगलला कसं कळावं? गावाचं नाव लिहा की राव. गूगल बिझनेस प्रोफाइल, म्हणजे गूगलवर आणि त्याच्या नकाशात तुमच्या स्टुडिओची माहिती दाखवणारं पान, तेपण फुकटच आहे.

आणि रेट! 'रेटसाठी संपर्क करा.' का, तर शेजारचा स्टुडिओ दोन हजारानं खाली येईल. अहो, शेजाऱ्याला तुमचा रेट केव्हाच ठाऊक असतो, गिऱ्हाइकालाच तेवढा नसतो. 'इतक्यापासून पुढे' एवढं लिहिलं तरी पुरे, त्यात तुमची माणसं किती येणार, अल्बमची पानं किती, ड्रोन वेगळा का, अल्बम किती दिवसांत, हे सांगा. फालतू फोन आपोआप कमी होतात.

अजून एक, जे बऱ्याच जणांना माहीतच नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७ व्या कलमाप्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक गिऱ्हाईक असतो, फोटोग्राफर नाही. म्हणजे कुणाच्याही सप्तपदीचा फोटो न विचारता साइटवर लावणं अंगलट येऊ शकतं. बुकिंगच्या कागदावरच परवानगीची एक ओळ टाका आणि सही तेव्हाच घ्या, अल्बम देताना नको, तेव्हा सगळे हिशोबाच्या मूडमध्ये असतात.

- एक अल्बम डिझायनर, सांगली