मंत्रीसाहेब, पुरावा आणायचा कुठून?

माननीय अन्न व औषध प्रशासन मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस नमस्कार.

साहेब, ज्या दुकानातलं चिकन खाऊन माझा पोट्टा आजारी पडला ते दुकान तपासतो, सॅम्पल घेतो असा शब्द तुमच्या खात्यानेच दिला होता, आणि काल तिथलाच माणूस म्हणतो, कोंबडीनेच झालं याचा आधी पुरावा आणा.

माझा मोठा पोट्टा चिकन खाऊन दोन-तीन दिवसांत आडवा झाला, पोटात मुरडा, संडासातून रक्त, ते थांबलं म्हणून आम्ही सुटलो समजलो तर पुढे पायातली ताकदच गेली. जीबीएस, म्हणजे गिलेन-बॅरे सिंड्रोम, नसांचा आजार. कॉलेजात जाणाऱ्या पोट्ट्याच्या शर्टाची बटणं त्याची माय लावून देते अन् तो भिंतीकडे पाहतो. इंजेक्शनांपायी तिच्या बांगड्या गेल्या, माझा धंदा बसला, झोपेचं तर विचारूच नका.

डॉक्टर म्हणतात कॅम्पिलोबॅक्टर असेल, कोंबडीतून येणारा जंतू, त्याच्या मुरड्यामागून जीबीएस होऊ शकतो. असेल! संडासाचा नमुना तेव्हा कोणी पाठवलाच नाही, अन् हा जंतू साध्या कल्चरमध्ये, म्हणजे लॅबमध्ये जंतू वाढवून पाहतात त्यात, येत नाही, त्याला कमी ऑक्सिजन आणि ४२ डिग्री लागते, म्हणजे कोंबडीच्या पोटातली गरमी. कोंबडी मजेत फिरते, आडवा होतो माणूस. तुमच्याकडे टेस्ट नाही म्हणून पेशंट नाही, पेशंट नाही म्हणून टेस्ट नाही, वा रे हिशोब.

त्या दुकानात एकदा उभे तर राहा. ज्या ओंडक्यावर आतडी ओढतात त्यावरच बोनलेस कापतात, सुरी सकाळपासून एकाच फडक्याला पुसतात, अन् मागे भिंतीवर तुमचं लायसन्स फ्रेममध्ये, वर लिंबू-मिरची.

पुण्यात जानेवारी-फेब्रुवारी २०२५ मध्ये जीबीएसचे दोनशेच्या वर संशयित पेशंट निघाले, काही नमुन्यांत हाच जंतू सापडला, तेव्हा केंद्राचं पथक धावत आलं. नागपूरचा एकटा पोट्टा कोणाले दिसते? इथल्याच गोरेवाड्याच्या रेस्क्यू सेंटरात बर्ड फ्लूने वाघ मेले तेव्हा मात्र सगळे जागे झाले होते, आता आम्ही वाघ नाही त्याला काय करावं. अमेरिकेने २००५ मध्येच कोंबड्यांना एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक देणं बंद केलं, ह्याच जंतूवर औषध चालेना म्हणून. आपल्याकडे कोंबडीला काय पाजून राहिले हे गिऱ्हाइकाला कोण सांगते?

पशुविज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय ह्याच शहरात आहे, त्यांच्याकडून दुकानांतली कोंबडी दर महिन्याला तपासून घ्या आणि निकाल दुकानाबाहेर लावा. मेडिकलमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात, ह्या टेस्टची सोय करा. एवढंच मागणं आहे, पण फाइल मुंबईला जाईल, मुंबईहून परत येईल, तोवर साहेब बदलतील, अन् आम्ही टॅक्स भरत राहू. अधिवेशन आलं की रस्ते एका रात्रीत गुळगुळीत होतात, म्हणजे हात चालतात तुमचे, फक्त आमच्यासाठी नाही.

डिसेंबरात याल तेव्हा सावजी चिकन खालच. कोंबडी कुठून आणली ते विचारा, आणि पुरावाही मागा.

एक बाप, नागपूर