बाबांचं वजन, आणि बाकीचं

हॅनोवर, जर्मनी

ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी ठणठणीत आहे. घरात हीटर आहे, जेवते वेळेवर. हे आधीच लिहून टाकलं, म्हणजे पुढचं नीट वाचशील.

"बाबा जेवतच नाहीत" असं तू दर फोनवर म्हणतेस. आई, त्यांना पहिल्यासारखी भूक लागायची नाही. भूक जागवणारं घ्रेलिन हे हार्मोन मुख्यतः जठरात तयार होतं, आणि जठरच काढलंय. त्यामुळे "भूक लागली की सांगा" म्हणून वाट बघू नकोस. सकाळी सातपासून दर दोन-अडीच तासांनी घड्याळ बघून दे. अर्धी वाटी पुरे, कारण अन्ननलिका सरळ लहान आतड्याला जोडलीय, साठवायला जागा कुठाय? वाटी तेवढीच ठेव, तिच्यातला कस वाढव. मऊ मूगडाळ खिचडीत दोन चमचे साजूक तूप म्हणजे जवळजवळ ९० कॅलरी. आधी अंडं, पनीर किंवा सुरमईचा तुकडा, मग भात. पाणी, ताक, चहा जेवणाच्या अर्धा तास आधी नाहीतर अर्ध्या तासाने. घासाबरोबर प्यायलं की अन्न भराभर खाली उतरतं.

मावशीचा शिरा आणि ग्लुकोजचं पाणी मात्र बंद. साखर एकदम आतड्यात गेली की अंगातलं पाणी तिकडे ओढलं जातं. अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, कळा, जुलाब. एक ते तीन तासांनी थरथर आणि घेरी आली तर ते वेगळं: साखर झपकन चढते, इन्शुलिन जास्त सुटतं आणि साखर खाली येते. तेवढ्यापुरती दोन चमचे साखर दे, पाठोपाठ पनीर किंवा अंडं. पण "अशक्तपणा आहे" म्हणून रोज सरबत पाजलंस तर हेच चक्र रोज चालेल.

लादी पावाचा चिकट गोळा अन्ननलिका आणि आतडं जोडलेल्या सांध्यात अडकतो. मऊ खिचडीही अडकायला लागली तर सांधा आवळला असेल, लगेच दाखवा. दुर्बिणीतून रुंद करता येतो. शौच तेलकट, तरंगणारी झाली तर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूलबद्दल डॉक्टरांना विचार; त्या पहिल्या घासाबरोबर घ्यायच्या असतात. बी-१२चं इंजेक्शन जन्मभर. यकृतातला साठा काही वर्षं पुरतो, म्हणून रिपोर्ट चांगला दिसला तरी थांबवायचं नाही. जठरातलं आम्ल जंतू मारायचं, तेही गेलं; तेव्हा पावसाळ्यात बाहेरची चटणी, कापलेली फळं, पाणीपुरी नको. बाबा स्टेशनबाहेर थांबतात हे मला माहीत आहे.

वजन रविवारी सकाळी, त्याच काट्यावर. पहिल्या काही महिन्यांत १५-२० टक्के उतरणं नेहमीचं आहे. जुना आकडा बहुधा परत येत नाही. आकडा एका जागी थांबला की झालं. "तिकडे बसून सांगणं सोपं" असं म्हणू नकोस. वॉर्डात आहारतज्ज्ञ म्हणून दिवसभर हेच सांगते, मग घरी सांगू नको?

इथली गंमत सांगते. पुष्कळ घरांत संध्याकाळी चूलच पेटत नाही. प्रत्येकापुढे एक लाकडी फळी, ताट नाही बरं का. फळीवर पावाचे काप, लोणी, चीज, आंबवलेली काकडी. ज्याने त्याने आपापला काप सजवायचा आणि खायचा. पाहुणा आला तरी हेच, आणि कुणाला वाईट वाटत नाही! गरम जेवण दुपारी झालेलं असतं म्हणे. बाबांना हे सांगून हसव, पण तो राय नावाच्या धान्याचा काळा पाव त्यांना चालणार नाही.

पैसे पाठवलेत. आधी औषधांचे आणि इंजेक्शनचे बाजूला काढ, उरतील ते नंदूच्या लग्नाच्या हॉलसाठी. दिवाळीला येणं जमत नाही. रजा मागितली होती, खरंच मागितली होती. लग्नाला येतेच, तिकीट काढलंय. माझ्या स्थळाचं तोवर राहू दे. पुण्याच्या त्या लोकांना तूच काहीतरी सांग. आणि हॉलवाल्याला सगळे पैसे एकदम देऊ नकोस, अर्धेच दे, पावती घेऊन.

तुझी,
मनू