अनुभव नाही म्हणता, मग द्यायचा कुणी?

संपादक साहेब, माझी भाची इंग्लंडहून स्टॅटिस्टिक्समध्ये एमएस्सी करून सोलापूरला परत आलीय, पण जिथं जाईल तिथं एकच प्रश्न, इथला अनुभव किती? अहो, कुणी कामच दिलं नाही तर अनुभव येणार कुठून! सरकारी नोकरीला तर आधी डिग्रीचं समकक्षता प्रमाणपत्र, म्हणजे परदेशी डिग्री इथल्या डिग्रीच्या बरोबरीची असल्याचा दाखला आणा. थोर संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस इंग्लंडमध्ये केंब्रिजलाच शिकले होते आणि त्यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात भारतीय सांख्यिकी संस्था उभी केली, हे तरी आठवा. आपल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरींचे एवढे कारखाने आहेत, कुठल्या मागावर, कुठल्या पाळीत किती माल खराब निघाला याचा हिशोब ठेवला आणि कंट्रोल चार्ट, म्हणजे नेहमीच्या चढउताराच्या मर्यादा आखलेला आलेख, लावला तर गडबड कुठं सुरू झाली ते लगेच दिसतं. मालकांनी अशा पोरांना सहा महिने पगारी ट्रेनी म्हणून घ्यावं की!

— एक वाचक, सोलापूर