आम्ही वाईला राहायला जातोय

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगायला घेतलं की आई रडते आणि बाबा "बरं" म्हणून फोन आईच्याच हातात देतात. म्हणून लिहितेय. दोघांनी एकत्र बसून वाचा. आई, चष्मा फ्रिजवर असेल बघ.

आम्ही मे महिन्यात वाईला राहायला जातोय. घर ठरलंय, भाडेकरारावर सह्याही झाल्यात. आधी विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, आणि मग तुमचा शब्द मोडून जावं लागलं असतं. त्यापेक्षा हे बरं, असं मला तरी वाटलं.

जावयांची पाचगणीच्या शाळेतली नोकरी पक्की झाली. तिथेच घर घेतलं असतं, पण पावसाळाभर धुकं, भिंतींना बुरशी, कपडे चार-चार दिवस ओले. पिल्लाच्या दम्याला ते झेपायचं नाही. पसरणीचा घाट उतरला की पाऊस कितीतरी कमी. शिवाय भाडं इथल्यापेक्षा कमी, पिल्लाची शाळा चालत जाण्यासारखी, माझं काम काय, नेट असलं की झालं. (एवढी कारणं देतेय म्हणजे मनात काहीतरी खुपतंय, हे आई ओळखेलच.)

खुपतंय ते तुमचं. पण आई, खरं सांग, पुण्यात राहून तरी मी तुम्हाला कितीशी मिळते? वाघोलीहून सदाशिव पेठेत पोचेपर्यंत संध्याकाळ संपते, येते तीच निघायच्या घाईत. आता दर गुरुवारी मला ऑफिसला यायचंय आणि बुधवारची रात्र तुमच्याकडेच काढायची आहे. जेवायला, झोपायला, सकाळच्या चहाला. अंतर नव्वद किलोमीटरच्या आसपास. वाटेत खंबाटकी ओलांडावी लागते. रात्री गाडी चालवणार नाही, शब्द देते.

बाबा, आता तुमच्याशी. ज्या गावातून तुम्ही एक ट्रंक घेऊन बाहेर पडलात, तिथेच लेक आपलं बिऱ्हाड घेऊन निघाली, हे टोचणार. पण तुमचं निघणं चुकलं होतं असं दाखवायला मी जात नाहीये. तुम्ही निघालात म्हणून आम्ही शिकलो. घर मुद्दाम सिद्धनाथवाडीला घेतलंय. मधल्या आळीत नाही, त्यामुळे आपल्या वाड्यावरून जायची वेळ येणार नाही. मांडवात जे झालं ते झालं, मी तिथे कुणाशी काही बोलणार नाही आणि कुणी काढलं तर उठून येईन.

पुराची शंका तुम्ही काढणारच. घर उंचावर आहे, धोम धरणाचं पाणी सोडलं तरी घरांच्या या ओळीपर्यंत येत नाही, घरमालकांना दोनदा विचारलं. पूर म्हटलं की मला कृष्णाकाठचा ढोल्या गणपती आठवतो. दर्शन झाल्यावर सगळे प्रसादाला थांबायचे आणि तुम्ही मला खांद्यावर घेऊन देवळाच्या मागे जायचात. माशासारखी निमुळती ती भिंत, तिच्यावर माझा हात ठेवून म्हणायचात, "बघ, पाणी इथे फुटतं आणि दोन्हीकडून निघून जातं." रास्त्यांनी १७६२ साली बांधलं, हेही तेव्हाच पाठ झालं. भिंत गार आणि तुमची मान घामेजलेली. पिल्लाला तिथे मी नेणार नाही, ते काम तुमचं. मेणवलीची घंटाही तुमच्याकडेच. वसईची ती घंटा नाना फडणवीसांच्या घाटावर कशी पोचली, ते चिमाजी अप्पांसकट तुम्ही सांगता तसं मला जमत नाही.

गाव तुमच्या आठवणीतलं राहिलेलं नाही, हेही सांगून ठेवते. शनिवार-रविवार महाबळेश्वरच्या गाड्यांची रांग, शूटिंगवाल्यांनी अडवलेला नदीचा घाट, उन्हाळ्यात पाण्यावर जलपर्णी. पण परवा घर बघायला गेलो तेव्हा वाटेत कुणाच्या तरी शेतावर हळद शिजत होती. काहिलीतून वाफ येत होती आणि शिजवणाऱ्या बाईंचे हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. तो वास नाकात गेला आणि मला आजीचं लुगडं आठवलं. गाडी थांबवून उगाच उभी राहिले.

तुमची खोली तळमजल्यावर आहे, एकही पायरी नाही. कमोड आहे, भिंतीला धरायला दांडा बसवून घेतेय, पलंग उंच आहे. आई, खिडकीतून पांडवगड दिसतो, तिथेच तुझी खुर्ची. देवघर पूर्वेच्या भिंतीला. बाबा, पेपर सकाळी येतो, आणि मेमध्ये टिळक ग्रंथालयाची वसंत व्याख्यानमाला असते. पुढच्या रांगेत बसून शंका विचारायला तुम्हाला कुणी अडवणार नाही. राहायला या असा हट्ट नाही. आठ दिवस या, आवडलं तर पंधरा. पुणं सोडा असं मी कधीच म्हणणार नाही.

आता ऐका. बाबा, ट्यूब बदलायला स्टुलावर चढायचं नाही. साखरेची गोळी नाश्त्याच्या आधीची आहे, चहाबरोबर नाही. हृदयाच्या डॉक्टरांची पुढची तारीख मी गुरुवारचीच घेतलीय, बरोबर मी येणार. आई, गुडघ्याचे व्यायाम "उद्यापासून" नकोत. स्वयंपाकाच्या मावशींना सुट्टी देऊन स्वतः पोळ्या लाटत बसलीस तर मला कळतं, मावशीच सांगतात. घराची एक किल्ली शेजारी द्या. फोनचा आवाज मोठा ठेवा. वाईला यायचं झालं तर एसटीने नाही, मी गाडी घेऊन येईन.

रागावला असाल तर बुधवारी समोर बसवून रागवा, पण आमटी करून ठेवा.

तुमची,
धाकटी

ता. क. दादाला मी स्वतः सांगणार आहे. आई, पत्र खाली ठेवून लगेच त्याला फोन लावू नकोस.