वाड्याची वाटणी वाचून देणाऱ्या काकूंना

ती. काकूंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं नाव कुठे लिहायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून नुसतं काकू. आभार मात्र मला चारचौघांत मानायचे आहेत. पुण्याच्या पेठांतून कोथरूड, सिंहगड रोडला राहायला गेलेल्या कितीतरी घरांच्या माळ्यावर आमच्यासारखे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली जुन्या मोडी कागदांची गाठोडी, पडून आहेत आणि गावी आमच्यासारखे वाडे ढासळताहेत. ते रुमाल प्रेमानं उघडून देणारं माणूस भेटलं तर काय होतं, हे त्या घरांनाही कळावं.

आमचा वाडा पुरंदर तालुक्यातला. दिवे घाट चढून सासवड मागे टाकलं की कऱ्हा नदीपासून फार लांब नाही असं गाव. सासवडला पुरंदऱ्यांचा वाडा आहे, तसा हा बुरुजांचा दांडगा वाडा नव्हे. दोन चौक, दगडी जोतं, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती आणि त्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. आज उभं आहे ते इतकंच: दिंडी दरवाज्याची दगडी चौकट, उत्तरेच्या भिंतीतला अर्धा जिना आणि आड. बाकी मातीचे ढीग, घाणेरी आणि सीताफळी.

लहानपणी आम्ही हा वाडा आजीच्या तोंडून पाहिला. माजघरात भर उन्हाळ्यात गारवा कसा असायचा, बळदातून ज्वारी काढताना लहान पोराला आत कसं उतरवायचे, प्लेगच्या वर्षी पुण्यातली सगळी बिऱ्हाडं गावी आली तेव्हा ओसरीवर पाय ठेवायला जागा कशी नव्हती. प्लेगचं तिनंही तिच्या सासूकडूनच ऐकलेलं. पण सगळ्यात जास्त ती बोलायची आषाढाबद्दल. माउलींची पालखी सासवडला मुक्कामाला असली की एक दिंडी आमच्या वाड्यात उतरायची, आणि पहिल्या चौकात रात्रभर टाळ वाजायचे.

वाडा पडला कसा, याच्या मात्र घरात दोन गोष्टी होत्या. आजी म्हणायची, कुळकायद्यानं जमीन गेली आणि वाडा उपाशी मेला. थोरले काका म्हणायचे, कोयनेच्या भूकंपानं भिंत फाटली, तिथेच संपलं. जेवणावळीत हा विषय निघाला की आवाज चढायचे आणि कुणीतरी भाताचं वाढप पुढे करायचं.

कागद होते, पण ते वाचणारं कुणी उरलं नव्हतं. आजोबांनी शाळेत मोडी गिरवली होती. बाबांपर्यंत ती आली नाही. त्यात १२ जुलै १९६१. पानशेत फुटलं तेव्हा आमचं बिऱ्हाड नारायण पेठेत होतं. माणसं वर चढली, ट्रंक खालीच राहिली. पाणी ओसरल्यावर आईनं चिखलातून रुमाल काढला, गच्चीवर सुकवला आणि पुन्हा बांधून ठेवला. त्यानंतर त्याची गाठ सुटली ती थेट तुमच्या टेबलावर.

पहिल्या दिवशी तुम्ही एक अक्षरही वाचलं नाहीत, हे मला फार लक्षात राहिलंय. मी उतावीळ होते. तुम्ही मात्र टीपकागद पसरले, बांबूची पातळ पट्टी घेतली आणि चिकटलेली पानं कडेकडेनं सोडवत बसलात. एक पान सुटेना, तर त्याला हात न लावता बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, याला अजून वेळ देऊ. लॅमिनेशन करायचं नाही, सेलोटेप लावायचा नाही, स्टेपल तर नाहीच. जुना हातकागद चिवट असतो, त्याला मारतो तो आपला हुरूप, हेही तेव्हाच सांगितलंत. धुऊन खळ काढलेलं सुती कापड आणि वेखंडाची पुरचुंडी, एवढ्यावर तुम्ही आमचा रुमाल नव्यानं बांधलात. मोडी कागद किलोवर रद्दीत जातात, हे मी नातेवाइकांच्या घरी पाहिलंय, म्हणून ही कृती इथे मुद्दाम लिहिते आहे.

आमच्या पूर्वजांनी कागद इतके जपले ते कशासाठी, हेही तुमच्याकडूनच कळलं. १८५२ साली कायदा होऊन इनामांची चौकशी सुरू झाली आणि इनामदाराला आपला हक्क कागदांनिशी सिद्ध करणं भाग पडलं. सनद दाखवता आली नाही तर जमिनीवर सारा बसायचा. त्या धास्तीनं घरोघरी रुमाल जपले गेले. सनदेबरोबर बाकीचीही चिठोरी टिकली, आणि आम्हाला जे सापडलं ते त्या चिठोऱ्यांत.

सनदेत गावाचं नाव, बिघे आणि चतुःसीमा, एवढंच. खरा ठेवा निघाला तो राणीचा छाप असलेल्या स्टँपपेपरवरचं वाटणीपत्र. चार भाऊ, प्रत्येकाला चार-चार आणे हिस्सा. मोडीत आधी पानभर शिरोरेघ ओढून घेतात आणि मग तिला अक्षरं लटकवत जातात, मध्ये जागा सोडत नाहीत. त्यामुळे पहिल्या वाचनाला सगळा वाडा एकाच लांब शब्दासारखा दिसत होता. तुम्ही पेन्सिलनं एकेक खण वेगळा केलात. पूर्वेचा सोपा थोरल्याला, त्यामागचं माजघर दुसऱ्याला, कोठी आणि बळद तिसऱ्याला, मागचा चौक तुळशीवृंदावनासह धाकट्याला. पाटा-वरवंटा कुणाकडे, हंडे किती, आंब्याचा पाड कोणत्या वर्षी कोणी उतरवायचा, सगळं. आणि दिंडी उतरेल तेव्हा तिची उस्तवार चौघांनी पाळीपाळीनं करावी, हेही. आजीचे टाळ शंभराहून जास्त वर्षांमागच्या कागदात सापडले, काकू! तुम्ही ती ओळ वाचून थांबलात आणि माझ्याकडे पाहिलंत. मला बोलता आलं नव्हतं.

पण त्याच कागदात एक बाई होती, जिचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. या चौघांच्या वारलेल्या भावाची बायको. आमच्या वंशावळीत पुरुषांमागे पुरुष लिहिलेत. निपुत्रिक भावाची रेघ तिथेच खुंटली, त्याची विधवा तर लिहिलीच गेली नाही. वाटणीपत्रात मात्र ती नावानिशी आहे. जिन्याखालचा एक खण हयातीपर्यंत राहायला, दरसाल ज्वारी, दोन लुगडी. आणि पुढे असं, की धाकट्याच्या वाटणीला गेलेल्या मागच्या चौकात तुळशीला पाणी घालायला ती जाईल, तिला कुणी हरकत करू नये. तिनंच आग्रह धरून हे लिहून घेतलं असणार, असं तुम्ही म्हणालात. मलाही तसंच वाटतं. चार दीर आणि गावचे पंच ओसरीवर बसलेत, आणि आतून एक बाई सांगून पाठवते आहे की माझी वाट लिहा.

कागद वाचून झाल्यावर तुमचं काम संपलं होतं. तरी तुम्ही गुडघे दुखत असताना एसटीनं सासवड आणि पुढे रिक्षानं आमच्याबरोबर वाड्यावर आलात. आम्ही लहानपणापासून त्या ढिगाऱ्यांचे फोटो काढत आलो, पण वाटणीपत्र हातात धरून तिथे कुणी उभं राहिलं नव्हतं. तुम्ही दिंडी दरवाज्याकडे पाठ केलीत आणि कागदातल्या क्रमानं चालू लागलात. जोत्याचे दगड बघत खण मोजलेत. इथे सोपा, इथे माजघराचा उंबरा, हा खड्डा म्हणजे बळद. मग भिंतीच्या जाडीतला तो अर्धा जिना, आणि त्याच्या पोटात, पावसापासून वाचलेली, वीतभर उंचीची देवळी. आत बोट फिरवलंत तर बोटाला काजळी लागली. तिचीच, असं काही तुम्ही म्हणाला नाहीत. नंतरही तिथे कुणी दिवा लावला असेल. पण तिथून तुम्ही मातीचे ढीग चढत-उतरत मागच्या चौकातल्या वृंदावनाच्या चौथऱ्यापर्यंत गेलात. आम्ही सगळे मागोमाग. माझी चुलतबहीण त्या वाटेवर रडली.

वाडा पाहून झाला तरी तुम्ही गावात थांबायचं म्हणालात. वाड्याचा अर्धा इतिहास कागदाबाहेर असतो, हे तुमचं म्हणणं. आमची जमीन ज्यांच्याकडे होती त्या घरातल्या आजोबांना तुम्हीच बोलतं केलंत. आम्ही गेलो असतो तर दोन्हीकडून अवघडून बसलो असतो. १ एप्रिल १९५७ ला कुळं मालक झाली, मग कुळकायद्याच्या कलम ३२ ग ची सुनावणी, किंमत ठरली, वडिलांनी हप्ते फेडले, हे सगळं त्यांनी सरळ सांगितलं. आणि नंतर जे सांगितलं ते आमच्या घरात कुणी कधी ऐकलं नव्हतं. धाब्यावर दर उन्हाळ्यात खारी माती टाकून ती चोपावी लागते, नाहीतर पहिल्याच वळवात पाणी मुरतं. जमीन नावावर झाल्यावरही त्यांचे वडील काही वर्षं बैलगाडीनं माती आणून टाकत होते. आषाढात दिंडी यायची, ती भिजू नये म्हणून. आमच्याकडून त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलंही नव्हतं. पुढे त्यांचेही हात थकले.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. कोयनेचा धक्का तिथवर जाणवला आणि पश्चिमेच्या भिंतीला चीर गेली. चीर बुजवता आली असती. पण ती भिंत वाटणीत सामाईक होती. दिंडी दरवाजा, देवडी आणि पश्चिमेची भिंत चौघांची, दुरुस्तीचा खर्च चौघांनी सारखा सोसावा. तोवर चार भावांची चौदा बिऱ्हाडं झाली होती, पुण्यात, मुंबईत, इंदुरात. पत्रापत्री झाली, आधी पैसे कुणी घालायचे ते ठरेना, आणि दोन पावसांनंतर भिंत देवडीवर कोसळली. राहिलेल्या सागवानी तुळया आणि सुरूदार खांब एका व्यापाऱ्यानं नेले. आजी आणि काका दोघांच्याही गोष्टीत तथ्य होतं, पण मधला हा धागा दोघांकडेही नव्हता. तो तुम्ही जुळवून दिलात.

आणि आड! तोही वाटणीत सामाईकच, पण तो टिकला. त्याचं कारण वाड्याच्याच आळीतल्या एका आजींनी सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात त्या नव्या सून होत्या. दिवसभर सरकारी कामावर खडी फोडायची, पोरांना सुकडी मिळायची, आणि संध्याकाळी पाण्याला या आडावर. भिंती पडलेल्या वाड्यात शिरायची बायकांना भीती वाटायची, म्हणून त्या घोळक्यानं यायच्या. उन्हाळ्यात आळीतल्या माणसांनी आत उतरून गाळ काढला, पडलेल्या भिंतीचेच दगड घेऊन काठ पुन्हा बांधला. दोराच्या घळी पडलेला तो दगड त्यांनी आम्हाला हात धरून दाखवला. आमच्या माणसांनी पाठ फिरवल्यावर गावानं जे सांभाळलं ते उभं राहिलं, एवढं मला त्या काठावर उभं राहून समजलं, आणि गावाचे आभारही मी याच पत्रात मानते.

मी मानधनाचं विचारलं तेव्हा तुम्ही हात जोडलेत आणि अट घातलीत, की लिप्यंतराची एक प्रत गावच्या शाळेत गेली पाहिजे. ती गेली. शिक्षकांनी सातवीच्या मुलांना वाड्यावर नेलं आणि वाटणीपत्रावरून जोत्याचा नकाशा काढायला लावला. मुलांनी तिसऱ्या भावाची कोठी चुकून आडाच्या जागी दाखवलीय, ते सोडलं तर नकाशा उत्तम आहे, फोटो पाठवते. वंशावळीतही खुंटलेल्या रेघेपाशी आम्ही त्या बाईंचं नाव लिहिलं. बाबांनी स्वतः, बोरूनं. चौदा बिऱ्हाडांपैकी सापडली तेवढ्यांच्या सह्या घेऊन आडाचा आणि दिंडी दरवाज्यापुढचा तुकडा गावाला लिहून द्यायचं चाललं आहे. सह्या गोळा करणं सोपं नाही, तुम्ही म्हणाला होतात तसंच होतंय. पण इंदूरकरांनी पहिल्याच फोनला होकार दिला, त्यानं सगळ्यांना धीर आलाय.

तुमच्याकडे हे वाचन पोट भरण्यासाठी नव्हतं. बँकेतून निवृत्त झाल्यावर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन तुम्ही मोडी शिकलात, आणि शिकलेलं असं लोकांच्या दारात नेऊन देता. या शहराच्या पुराभिलेखागारात कोट्यवधी मोडी कागद आहेत, त्यांना वाचणारे अभ्यासक मिळतात. आमच्यासारख्यांच्या ट्रंकेतल्या कागदांना तुमच्यासारखंच कुणी लागतं. मोडीच्या पुढच्या वर्गाला मी नाव घातलंय, हे सांगायचं राहिलं होतं.

एक विचारायचं आहे. तिसऱ्या पातीच्या, म्हणजे तिसऱ्या भावाच्या वंशातल्या, घरी आणखी एक रुमाल निघालाय, लाल कापडातला, कसर लागलेला. त्यांनी अजून सोडलेला नाही, मीच थांबवलंय. पुढच्या आठवड्यात तुमच्या सोयीनं आणू का? ते न सुटलेलं पानही बरोबर आणते.

आपली,
थोरल्या पातीची माहेरवाशीण
कोथरूड, पुणे