पैसे आपले, पुस्तक मात्र त्यांच्याच सर्व्हरवर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम आता सांगलीतही खेळले जातात, बऱ्याच वाचकांना माहीत नसेल म्हणून आधी थोडं सांगतो. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एकजण गेम मास्टर होऊन गोष्ट पुढं नेतो, बाकीचे आपापलं पात्र होऊन बोलतात आणि जमलं का फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. विष्णुदास भाव्यांनी 1843 ला जिथं नाटक उभं केलं त्या गावातल्या पोरांना हे आवडणारच. यातला सगळ्यात प्रसिद्ध गेम म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, 1974 चा, अमेरिकेतला. लागतं काय तर नियमांचं पुस्तक, कागद, पेन्सिल, फासे. बास.

एवढ्याशा खेळाला आता महिन्याची वर्गणी आलीय आणि त्याचंच मला वाईट वाटतं.

2008 ला हा गेम काढणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीनं इनसायडर नावाची वर्गणी काढली. ऑनलाइन खेळायला टेबल देणार म्हणाले, ते चाचणीच्या पुढं गेलंच नाही, 2012 ला गुंडाळलं. पात्र बनवायचं सॉफ्टवेअर आधी कॉम्प्युटरवर उतरवून घेता यायचं, 2010 च्या शेवटी तेही फक्त ब्राउझरमध्ये आणलं, आणि ते ज्या सिल्व्हरलाइटवर चालायचं ते मायक्रोसॉफ्टनं सोडून दिल्यावर 2020 उजाडता उजाडता सगळंच बंद. लोकांनी वर्षानुवर्षं पैसे भरले होते हो!

नंतर आलं डी अँड डी बियाँड, 2017 ला, म्हणजे याच गेमची पुस्तकं वाचायची आणि पात्रं बनवायची वेबसाइट. काम चांगलं आहे त्याचं, नव्या खेळाडूला पात्र बनवायला फार सोपं, हे मान्यच करायला पाहिजे. 2022 ला विझार्ड्सची मालक कंपनी हॅस्ब्रोनं ते 14 कोटी डॉलरहून जास्त देऊन घेतलं. एकानं पुस्तकं घ्यायची आणि पूर्ण ग्रुपला वापरायला द्यायची तर वरची वर्गणी लागते, महिना सहा डॉलरच्या घरात, आणि ती थांबवली की पुस्तक त्याच्या खात्यात राहतं पण बाकीच्यांचं वाचणं बंद. आधी पुस्तकातला हवा तेवढाच भाग दोनेक डॉलरला सुटा मिळायचा, कॉलेजच्या पोराला तेवढं झेपायचं, 2024 ला ती सोयही काढली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तर जाहीर केलं की जुन्या पात्रांमधले मंत्र नव्या आवृत्तीप्रमाणं बदलणार, लोक खवळले म्हणून काही दिवसांत माघार घेतली. पण विकत घेतलेल्या गोष्टीत मागाहून हात घालता येतो हे तर दिसलंच ना? दुकान बंद पडलं म्हणून आपण घेतलेलं पातेलं आपल्या घरातून उठून जात नाही.

कागदाचं काय ते आम्हा सांगलीकरांना कुणी सांगायला नको. ऑगस्ट 2019 च्या पुरात कृष्णाकाठच्या किती घरांतली पुस्तकं लगदा झाली, त्यामुळं डिजिटल कॉपीचं महत्त्व मला पटतं, उलट मला ती हवीच आहे. फक्त ती फाइल माझ्या पेनड्राइव्हवर पाहिजे, नेट असो नसो, वर्गणी असो नसो.

कॅलिफोर्नियानं 1 जानेवारी 2025 पासून कायदा लागू केलाय, ग्राहकाला फक्त वापरायचा परवाना मिळत असेल तर ते स्पष्ट न सांगता 'विकत घ्या' म्हणता येत नाही. आपल्याकडं 2023 च्या डार्क पॅटर्नच्या (ऑनलाइन ग्राहकाला फसवायच्या युक्त्या) नियमांत सबस्क्रिप्शन ट्रॅप आहे, पण तो वर्गणी बंद करणं अवघड करून ठेवण्याबद्दल, विकत घेतलेलं हातात राहतं का याबद्दल नाही. ग्राहक मंत्रालयानं हेही त्यात घालावं आणि तुमच्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती, कारण ई-बुक, सिनेमे, व्हिडिओ गेम सगळीकडं हेच चाललंय.

आणि ज्या पोरांना खेळ सुरू करायचाय त्यांनी वर्गणीच्या नादाला लागू नये. या गेमचे नियम वापरून इतरांना स्वतःची पुस्तकं काढता यायची, जानेवारी 2023 मध्ये कंपनी तो परवाना बदलायला निघाली म्हणून मोठा गदारोळ झाला, लोकांनी धडाधड वर्गण्या बंद केल्या, तेव्हा कंपनीनं मूळ नियमांचा 5.1 दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्स या कुणालाही वापरू देणाऱ्या परवान्याखाली खुला केला, तो आता परत घेता येत नाही. तो फुकट उतरवून घ्या, लागतील तेवढ्या पानांची झेरॉक्स काढा आणि बसा खेळायला. ऑनलाइनच खेळायचं असेल तर फाउंड्री नावाचं सॉफ्टवेअर एकदाच पैसे देऊन मिळतं आणि स्वतःच्या कॉम्प्युटरवर चालतं.

आपला,
एक वाचक, विश्रामबाग, सांगली